विलग गॅरेजचे भूसंपर्कन

घरापासून सुट्या असलेल्या गॅरेजला घरातून वीज नेताना तेथील धातूचे भाग जमिनीशी जोडण्याची व्यवस्था, बोलीत अर्थिंग. ब्रिटनमध्ये अशी गॅरेजे सर्रास आढळतात आणि या प्रश्नाची चर्चाही मुख्यतः तेथील बीएस ७६७१ या वायरिंग नियमावलीच्या अनुषंगाने झाली आहे.

जमिनीतून वीज वाहते हे प्रथम दाखविण्याच्या श्रेयाबद्दल मतभेद आहेत. लंडनच्या विल्यम वॉटसन यांनी १७४७ च्या सुमारास विद्युत् विसर्गाच्या परतीसाठी जमीन व पाणी वापरले. म्यूनिकच्या कार्ल ऑगस्ट श्टाइनहाइल यांनी साधारण १८३८ मध्ये तारायंत्राची परतीची तारच काढून टाकली. व्यवहारोपयोगी वापराचा मान श्टाइनहाइल यांना देणे अधिक युक्त वाटते.

ब्रिटनमधील पुष्कळ घरांना टीएन-सी-एस पद्धतीने वीज मिळते. तीत न्यूट्रल (प्रवाहाच्या परतीची तार) व अर्थ रस्त्याच्या केबलमध्ये एकाच तारेतून येतात आणि घरात शिरताना वेगळे होतात. ही सामाईक तार तुटली, तर चालू उपकरणांमधून आलेला प्रवाह परतीची वाट न मिळाल्याने अर्थला जोडलेल्या धातूवर चढतो. आरसीडी (गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारी कळ) अर्थची तार तोडत नाही, त्यामुळे या दोषात तिचा आधार नसतो. घरात आवाक्यातला सगळा धातू एकाच विभवावर (व्होल्टेजवर) असल्याने धोका कमी राहतो. गॅरेजच्या ओल्या काँक्रीटवर उभे राहून यंत्राच्या धातूच्या कवचाला हात लावणाऱ्याच्या मात्र तो जिवावर बेततो.

म्हणून अनेक जण टीटी पद्धत पसंत करतात, व ते रास्तच आहे. तीत अर्थसाठी गॅरेजपाशी जमिनीत स्वतंत्र सळई ठोकतात. घरचे अर्थ तेथवर नेत नाहीत. चिलखती केबलचे पोलादी तारांचे आवरण घराच्या टोकालाच अर्थ करतात. गॅरेजच्या टोकाला ते प्लॅस्टिकच्या पेटीत किंवा इन्सुलेटेड ग्लँडने (केबल पेटीत घट्ट बसवणाऱ्या विद्युत्‌रोधी जोडणीने) वेगळे ठेवावे लागते. येथे धातूची पेटी बसवली की तोडलेले नाते पुन्हा जुळते. मातीचा रोध मोठा असल्याने फ्यूज वितळण्याइतका प्रवाह वाहत नाही, म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीडी बसवतात. स्पर्श होणाऱ्या धातूवरील ५० व्होल्टच्या मर्यादेने सळईचा १,६६७ ओहमपर्यंत रोध हिशेबात बसतो. तथापि २०० ओहमच्या वरचा रोध माती सुकल्यावर वा गोठल्यावर स्थिर राहीलच असे नाही.

घरचे अर्थ गॅरेजपर्यंत नेणेही नियमबाह्य नाही. मात्र तेथे धातूची जलवाहिनी जमिनीतून आलेली असल्यास ती अर्थला जोडण्यासाठी किमान १० चौ. मिमी. तांब्याची तार लागते.

भारतात आयएस ३०४३ या मानकात टीएन, टीटी हेच वर्गीकरण आहे. अर्थिंगच्या कोळसा-मिठाच्या खड्ड्यातील नळीची लांबी त्यानुसार किमान २.५ मी. असते.