गिनीपिगची तांबडी लघवी म्हणजे रक्तच?

पांढऱ्या फडक्यावर केशरी-तांबूस डाग दिसला की ‘गिनीपिगला रक्त जातंय’ असं धरून चालतात. दरवेळी तसं नसतं. निरोगी गिनीपिगची लघवी पिवळसर, जराशी गढूळ असते. जास्तीचं कॅल्शियम तिच्यातूनच बाहेर पडतं, म्हणून वाळल्यावर पांढरी पूड उरते. बीट खाल्लं, किंवा लघवीतली रंगद्रव्यं हवेत गडद झाली, की तोच डाग तांबडा होतो.

‘मादीला पाळी आली असेल’ ही समजूत मात्र खरोखर घातक आहे. गिनीपिगना पाळी येतच नाही! ताजी लघवीच लाल असेल, ती करताना जनावर किंचाळत असेल किंवा खाणं सुटलं असेल, तर मूतखडा असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्या. रक्त आहे का, हे ते लघवीत पट्टी बुडवून काही मिनिटांत तपासतात.