क्रेड्युलस कोण, क्रेडिबल काय?

साताऱ्यात स्पर्धा परीक्षेच्या मुलांना मी इंग्रजी शिकवते. परवा एका मुलीनं वहीत लिहिलं, 'द मिनिस्टर गेव्ह अ क्रेड्युलस एक्स्प्लनेशन.' तिला म्हणायचं होतं, मंत्र्यांचा खुलासा पटण्याजोगा होता. त्यासाठी शब्द हवा 'क्रेडिबल'. खुलासा क्रेड्युलस असूच शकत नाही, कारण खुलासा कशावर विश्वास ठेवत नाही. विश्वास माणूस ठेवतो.

समजा, एप्रिलात मोबाइलवर मेसेज आला, 'कासला फुलांचा गालिचा पसरलाय, लगेच निघा.' कासचा बहर साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबरचा, म्हणून तो मेसेज क्रेडिबल नाही. तरीही जो घरच्यांना गाडीत बसवून यवतेश्वरचा घाट चढायला लागतो, तो क्रेड्युलस. आणि चटकन विश्वास टाकण्याच्या त्याच्या या वृत्तीला म्हणायचं क्रेड्युलिटी.

हे पाठ करावं लागू नये, इतकी मदत आपल्याच भाषेत आहे. दोन्ही शब्द लॅटिनमधल्या 'क्रेडो', म्हणजे 'मी विश्वास ठेवतो', या क्रियापदाच्या घरातले. आपली 'श्रद्धा' आणि हा 'क्रेडो' मुळात एकाच शब्दाची लेकरं आहेत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा फार आनंद झाला होता. म्हणून जोडी अशी लावा: क्रेड्युलस म्हणजे श्रद्धाळू, क्रेडिबल म्हणजे श्रद्धेय. एक श्रद्धा ठेवणारा, दुसरं श्रद्धा ठेवण्याजोगं.

ही जोडी घडण ओळखायला चांगली, पण भाषांतराला चालणार नाही. श्रद्धाळू म्हटल्यानं आपल्याकडे कुणाचा अपमान होत नाही. 'भोळा', 'भाबडा' यांतही माया असते. इंग्रजीत मात्र एखाद्याला क्रेड्युलस म्हणणं ही टीका आहे: पुरावा न मागता मान डोलावणारा. याला सरसकट 'अंधश्रद्धाळू' म्हणणंही मला पटत नाही. अंधश्रद्धेला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, सुपरस्टिशन. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या या गावात तरी हा फरक नीट सांगायला हवा. भोंदू बाबाच्या चमत्कारापुढे लोटांगण घालण्यात सुपरस्टिशन आणि क्रेड्युलिटी दोन्ही आहेत. पण 'महिन्यात पैसे दुप्पट' या जाहिरातीला भुलणाऱ्याच्या डोक्यात देव-भूत काहीच नसतं. तिथे असते ती नुसती क्रेड्युलिटी.

नकारी रूपांचं थोडक्यात. 'इन्क्रेड्युलस' म्हणजे विश्वास न बसलेला माणूस किंवा त्याची नजर. 'इन्क्रेडिबल' म्हणजे विश्वास न बसण्याजोगी गोष्ट, आणि आता बहुतेक वेळा 'अफाट', 'विलक्षण'. २००२ साली सुरू झालेल्या 'इन्क्रेडिबल इंडिया' या पर्यटन मोहिमेत तोच अर्थ आहे.

एका ठिकाणी मात्र क्रेड्युलिटीला टीकेचा वास नसतो. 'इट स्ट्रेन्स क्रेड्युलिटी' म्हणजे विश्वास ठेवायची तयारी असूनही ती ताणली जाते, इतकी ही गोष्ट अशक्य वाटते. इथे 'क्रेडिबिलिटी' लिहिणारेही पुष्कळ आहेत, पण मला पहिलंच बरोबर वाटतं, कारण ताण ऐकणाऱ्यावर पडतो. त्या मुलीला मी हे सांगितलं. तिनं वहीतलं 'क्रेड्युलस' खोडून 'क्रेडिबल' केलं आणि खाली नवं वाक्य जोडलं: 'ओन्ली अ क्रेड्युलस व्होटर बिलीव्हज एव्हरी प्रॉमिस.' ते मी तसंच फळ्यावर लिहून घेतलं.