लिनक्स सर्व्हरला डिस्क जोडण्याआधी: कार्ड, केबल आणि उन्हाळा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, नागपूर)

"भाऊ, कार्ड तं लावलं, पण डिस्कच दिसून नाही राहिल्या." आम्हाला येणारे बरेचसे फोन याच वाक्यानं सुरू होतात. सर्व्हर ठीक असतो, डिस्क नव्या कोऱ्या असतात, प्रॉक्समॉक्स (एका सर्व्हरवर अनेक सिस्टीम चालवणारं) किंवा ट्रूनॅस (फाइल साठवणीचं) व्यवस्थित बसलेलं असतं. अडतं ते डिस्क आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मधल्या कार्डापाशी. ऑनलाइन मागवताना डब्यावर 'लिनक्स सपोर्टेड' असं वाचलेलं असतं आणि तेवढ्या दोन शब्दांवर भरवसा ठेवलेला असतो.

धंतोलीतले दवाखाने, इतवारीतल्या पेढ्या, लग्नाचं शूटिंग करणारे स्टुडिओ, सीए मंडळींची ऑफिसं असे आमचे ग्राहक. चार ते बारा डिस्क, एखादा जुना डेल किंवा एचपी सर्व्हर, नाहीतर साधा टॉवर पीसी. हे पत्रक त्याच मापाचं आहे. मोठ्या डेटा सेंटरचे हिशेब निराळे असतात, ते इथे नाहीत.

आधी चिप विचारा

कार्डावर स्टिकर कोणाचा आहे याच्याशी लिनक्सला काही देणंघेणं नाही, त्याला चिप कळते. आयबीएमचं एम१०१५, डेलची पर्क एच२०० आणि एच३१०, एलएसआयचं ९२११-८आय ही चार नावं, चार डबे, चार भाव. आत मात्र एसएएस२००८ ही एकच चिप. याउलट स्वस्तातल्या साटा (साध्या पीसीच्या डिस्कची जोडणी) कार्डांत नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असू शकते. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न चिपचा करा. उत्तर देता आलं नाही तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

नावांचा एक गोंधळ आधीच सोडवून ठेवतो. एलएसआय २०१४ मध्ये अवागोनं घेतली, आणि अवागोनं २०१६ मध्ये ब्रॉडकॉम विकत घेऊन स्वतःला तेच नाव लावलं. त्यामुळे एकाच घराण्यातल्या कार्डांवर तीन नावं छापलेली दिसतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

कार्ड हाताशी असेल तर तपासणी पाच मिनिटांची आहे. उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून पीसी चालू करा आणि टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' ही कमांड 'एनएनके' या पर्यायासह द्या. कार्डाच्या ओळीत चौकटी कंसात कोलननं जोडलेले दोन आकडे दिसतील: पहिला कंपनीचा, दुसरा चिपचा. ९२११-८आय असेल तर १०००:००७२ येतं. पर्क एच३१० मूळ फर्मवेअरसह (कार्डातल्याच सॉफ्टवेअरसह) लावलं तर चिप तीच असूनही १०००:००७३ येतं, आणि त्यात आयटी फर्मवेअर (कार्डाला साधं बनवणारं, पुढे सांगितलं आहे) भरलं की ००७२ होतं. म्हणजे विकणाऱ्यानं 'फ्लॅश करून देतो', म्हणजे फर्मवेअर बदलून देतो, म्हटलं होतं ते खरं की खोटं, हे या एका आकड्यावरून कळतं. त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ हवी. एलएसआयच्या साध्या कार्डांना तिथे एमपीटी३एसएएस हे नाव येतं. ती ओळच नसेल, तर या डिस्ट्रोला (लिनक्सच्या या प्रकाराला) ते कार्ड ओळखता आलेलं नाही.

डिस्ट्रोचा मुद्दा बारीक वाटतो, पण पैसे यातच बुडतात. कार्ड 'लिनक्सवर चालतं' म्हणजे कोणत्या लिनक्सवर? रेड हॅटनं २०१९ मध्ये आलेल्या आवृत्ती ८ मधून बऱ्याच जुन्या कार्डांचा आधार काढून टाकला आणि त्यात एसएएस२००८ घराणंही गेलं. डेबियन आणि त्यावर उभ्या प्रॉक्समॉक्सवर मात्र तेच कार्ड निमूट चालतं. अल्मालिनक्सनं २०२४ च्या ९.४ आवृत्तीत बरंच जुनं हार्डवेअर परत आणलं; बाकीच्यांना ईएलरेपो या ड्रायव्हरच्या साठ्यावरून ड्रायव्हर घालता येतो, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की त्याच्याकडे पुन्हा लक्ष द्यावं लागतं. आमचं मत सरळ आहे. रेड हॅटच्या वळणाची सिस्टीम चालवायची असेल तर जुन्या कार्डाचा मोह सोडा आणि एसएएस३००८ चिपचं, म्हणजे ९३००-८आय किंवा डेलचं एचबीए३३० घ्या. ट्रूनॅस कोर हे फ्रीबीएसडीवर चालतं, तिथे याच चिपांना एमपीएस आणि एमपीआर असे वेगळे ड्रायव्हर आहेत, आणि ते भरवशाचे आहेत.

रेड कार्ड की साधं एचबीए

इथे आम्ही थोडे हट्टी आहोत. रेड (RAID) म्हणजे अनेक डिस्क मिळून एक करणं, आणि एचबीए म्हणजे डिस्क नुसत्या जोडून देणारं कार्ड. हार्डवेअर रेड कार्ड म्हणजे पेढीवरचा असा मुनीम, जो वही स्वतःच्याच खुणांनी लिहितो. तो आहे तोवर काम झकास चालतं. तो गेला की वही समोर असूनही कोणाला वाचता येत नाही. कार्ड जळालं तर त्याच घराण्यातलं दुसरं कार्ड शोधत फिरावं लागतं, आणि तोवर दवाखान्याचे एक्स-रे बंद. एमडीएडीएम किंवा झेडएफएस या खुल्या सॉफ्टवेअरनं जोडलेल्या डिस्क मात्र काढून दुसऱ्या कोणत्याही धड लिनक्स मशीनला लावल्या तरी उघडतात, कारण मांडणीची नोंद डिस्कवरच असते आणि ती वाचणारं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं आहे. ओपन सोर्सवर यायचं एक मोठं कारण हेच, आणि मध्ये रेड कार्ड बसवून तेच घालवायचं, याला अर्थ नाही.

म्हणून साधं एचबीए घ्या, किंवा रेड कार्ड असेल तर ते आयटी मोडमध्ये न्या. आयटी मोडमध्ये कार्ड स्वतःची अक्कल चालवत नाही. डिस्क जशी आहे तशी सिस्टीमला दिसते, तिचा स्मार्ट अहवालही (डिस्कच्या तब्येतीचा) सरळ वाचता येतो. पर्क एच३१० मध्ये याचा आणखी एक फायदा होतो. मूळ फर्मवेअरमध्ये त्याची क्यू डेप्थ (एका वेळी रांगेत घेता येणारी कामं) जेमतेम २५ असते, आयटी फर्मवेअरवर ती ६०० होते. बऱ्याच डिस्कना एकदम काम लागलं की हा फरक जाणवतो.

एचपीच्या जुन्या सर्व्हरवाल्यांनी हे जरूर वाचा. स्मार्ट अ‍ॅरे पी४१० मध्ये एचबीए मोडच नाही. प्रत्येक डिस्कचा वेगळा, एकट्या डिस्कचा रेड-० करून झेडएफएसला द्यायचा तोडगा लोक सुचवतात. चालतो, पण डिस्क बदलताना प्रत्येक वेळी कार्डाच्या मेनूत शिरून नवा रेड-० बांधावा लागतो, आणि ते रात्री दोनला करायची वेळ आली की तोडगा सुचवणारा फोन उचलत नाही. आम्ही पी४१० काढून वेगळं एचबीए बसवतो. पी४४० पिढीत एचबीए मोड आहे, तिथे कार्ड बदलायची गरज नाही.

रेड कार्ड वाईटच असतं असं नाही. बॅटरीवाल्या कॅशमुळे डेटाबेसच्या लहान लहान नोंदी पटापट होतात, आणि काही ऑफिसांना तेच हवं असतं. तसं असेल तर त्याच मॉडेलचं एक जास्तीचं कार्ड आजच घेऊन कपाटात ठेवा.

९२११ घराण्यासाठी शेवटचं फर्मवेअर २०.००.०७.०० आहे. पी२० (२० ने सुरू होणाऱ्या) मालिकेतल्या त्याआधीच्या काही आवृत्त्या त्रासदायक ठरल्या होत्या, म्हणून नुसतं 'पी२० आहे' यावर समाधान मानू नका, पूर्ण आकडा बघा. आणि फ्लॅश करायचं तर यूपीएसवरच.

प्रॉक्समॉक्सच्या आत ट्रूनॅस चालवणार असाल तर डिस्क एकेक करून आत देऊ नका, अख्खं एचबीए द्या. त्यासाठी बोर्ड आणि प्रोसेसर दोघांत आयओएमएमयू (अख्खं कार्ड आतल्या सिस्टीमला देण्याची सोय) हवं. बायोसमध्ये ते व्हीटी-डी किंवा एएमडी-व्हीआय नावानं सापडतं.

चार-सहा डिस्कसाठी स्वस्त पर्याय

प्रत्येकाला एसएएस (सर्व्हरच्या डिस्कची जोडणी) कार्ड लागतंच असं नाही. एएसमीडियाची एएसएम११६६ सहा पोर्ट देते, जेमायक्रॉनची जेएमबी५८५ पाच, दोन्ही पीसीआयई ३.० च्या दोन लेनवर (पीसीआयई म्हणजे बोर्डावरचा कार्डाचा स्लॉट, लेन म्हणजे त्यातली डेटाची एक वाट). एएसएम१०६४ चार पोर्ट देते, एका लेनवर. ही सगळी एएचसीआय या ठरीव साटा पद्धतीची असल्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मार्व्हेलच्या ८८एसई९१ मालिकेतल्या चिपांची आयओएमएमयू चालू असताना अडचण होते, त्यासाठी लिनक्स कर्नलमध्ये मुद्दाम वेगळी तजवीज ठेवावी लागली आहे. व्हर्च्युअलायझेशन करणार असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

दहा, सोळा, वीस पोर्टांची साटा कार्डं दिसायला भारी असतात. त्यांत बहुधा एका लहान चिपमागे पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टाचे अनेक करणारी चिप) जोडून पोर्ट वाढवलेले असतात. एक डिस्क अडखळली की त्या मल्टिप्लायरवरच्या बाकीच्याही थबकतात, आणि झेडएफएसला वाटतं की चार डिस्क एकदम गेल्या. आठ डिस्कच्या पुढे जायचं असेल तर एसएएस एचबीए आणि गरज पडल्यास एसएएस एक्सपांडर (एचबीएचे पोर्ट वाढवणारं कार्ड), हाच मार्ग. इंटेलचा आरईएस२एसव्ही२४० हा २४ पोर्टांचा एक्सपांडर स्लॉटमधून फक्त वीज घेतो आणि मोलेक्सवरही (विजेचा जुना चार पिनांचा जोड) चालतो, त्यामुळे स्लॉट नसलेल्या जागीही कॅबिनेटमध्ये बसवता येतो. एचपीचा जुना एसएएस एक्सपांडर साटा डिस्क ३ गिगाबिटवरच चालवतो. फिरत्या डिस्कना तेवढं पुरतं, एसएसडीला नाही.

वेगाचा हिशेब

पीसीआयई २.० ची एक लेन सेकंदाला साधारण ५०० एमबी देते, ३.० ची ९८५ एमबी. फिरणारी डिस्क २०० ते २५०. म्हणजे आठ डिस्क एकदम पळाल्या तरी २००० एमबीच्या घरात, आणि ९२११ सारखं जुनं कार्ड चार लेनच्या स्लॉटमध्येही तेवढं पेलतं. आठ साटा एसएसडी असतील तर मात्र ४००० च्या पुढे जातं, तिथे ३.० आणि पूर्ण आठ लेन लागतात.

स्लॉटची लांबी बघून फसू नका. डेस्कटॉप बोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट सोळाचा दिसतो, पण टॉर्च मारून आत बघितलं की पितळी पिना पहिल्या पाव भागातच असतात; तो चार लेनचाच. काही बोर्डांवर एम.२ मध्ये एसएसडी घातली की दोन साटा पोर्ट मुकाट्यानं बंद होतात, हे बोर्डाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. चार एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणाऱ्या एसएसडी) बसणारं कार्ड घेताना बायोसमध्ये बायफर्केशन (एका स्लॉटच्या लेन वाटून देण्याची सोय) आहे का ते आधी पाहा. नसेल तर बहुधा चारपैकी एकच एसएसडी दिसेल.

आणि हे सगळं करून सर्व्हरमधून साधी गिगाबिट केबल निघत असेल, तर टेबलावर ११० एमबीच्या आसपासच मिळणार. स्टुडिओवाल्यांना आम्ही आधी २.५ किंवा १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड सुचवतो. इंटेलचं एक्स५२० घेतलं तर एवढं लक्षात ठेवा की ते दुसऱ्या कंपनीचं एसएफपी+ मॉड्यूल (केबलसाठी कार्डात खोचायचा जोड) मुळात नाकारतं; ड्रायव्हरला एक पर्याय देऊन ते मान्य करायला लावता येतं.

केबल आणि वीज

९२११ ला एसएफएफ-८०८७ जोड लागतो, ९३०० ला एसएफएफ-८६४३. त्यातून चार साटा फुटणारी केबल फॉरवर्ड ब्रेकआउट मागा. रिव्हर्स ब्रेकआउट दिसायला हुबेहूब तशीच असते, पण या जोडणीत ती चालत नाही, आणि डिस्क न दिसण्याचं हे एक अगदी नेहमीचं कारण आहे. साटा डिस्क एसएएस कार्डाला चालते; एसएएस डिस्क साटा पोर्टला चालत नाही.

डेलचं पर्क कार्ड साध्या इंटेल बोर्डात लावल्यावर मशीनच चालू होत नसेल तर कार्ड खराब समजून परत पाठवू नका. कार्डाच्या कडेवरच्या बी५ आणि बी६ या दोन सोनेरी पट्ट्या एसएमबसच्या, म्हणजे बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या देखरेखीच्या वाटेच्या. त्यांवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणारी टेप) बारीक तुकडा चिकटवला की बहुधा काम होतं. सेलोटेप वापरू नका, उष्णतेनं सरकतो.

३.५ इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर जवळपास २ अँपिअर ओढते, म्हणजे आठ डिस्क एका क्षणी १९० वॅटच्या आसपास. लाइट जाऊन आल्यावर जुना एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा) इथेच दम सोडतो. मोलेक्सवरून साटा वीज काढणारे ओतीव प्लास्टिकचे जोड पेट घेऊ शकतात, ते अजिबात वापरू नका. एक्सटर्नल डब्यातून काढलेली डिस्क फिरतच नसेल तर साटा विजेच्या जोडातल्या तिसऱ्या पिनवरचे ३.३ व्होल्ट तिला बंद ठेवत असतील.

उन्हाळा

एचबीए कार्डं रॅक सर्व्हरच्या जोरदार हवेसाठी बनवलेली असतात. ९३००-८आय साठी ५५ अंशांपर्यंतची हवा आणि मिनिटाला २०० फूट वेगाचा झोत सांगितलेला आहे. आता आपल्याकडचा मे घ्या: बाहेर ४५, बंद खोलीत त्याहून कमी नाही, टॉवर कॅबिनेटच्या आत आणखी दहा-बारा अंश जास्त, आणि कार्डापाशी वाराच नाही. नवतपा सुरू झाला की 'कार्ड दुपारी गायब होतं, रात्री आपोआप येतं' अशा तक्रारी येतात. त्यात गूढ काही नाही, हीटसिंकला बोट लावून बघा, म्हणजे एक क्षणभरच. टॉवरमध्ये एचबीए बसवताना हीटसिंकवर ४० मिमीचा पंखा आम्ही न विचारता लावतो.

एक कळकळीची विनंती: सर्व्हर डेझर्ट कूलरसमोर ठेवू नका. कूलरच्या हवेत ओल असते, धूळ त्या ओलीसकट हीटसिंकच्या पात्यांत आणि पंख्यांत जाऊन बसते आणि वाळून पापुद्रा धरते. एसी शक्य नसेल तर सर्व्हर आतल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर दूर, वर एक्झॉस्ट पंखा, एवढं पुरे. स्क्रब (डिस्कवरच्या सगळ्या डेटाची तपासणी) आणि मोठे बॅकअप रात्री दोननंतर लावा.

डिस्क घेताना

रेड किंवा झेडएफएससाठी सीएमआर डिस्कच घ्या, म्हणजे ज्यात डेटाच्या पट्ट्या एकमेकींवर चढत नाहीत; चढतात त्या एसएमआर. वेस्टर्न डिजिटलच्या 'रेड' नावाच्या (लाल या अर्थी) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं २०२० मध्ये समोर आलं. रीबिल्डच्या (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर उभारण्याच्या) वेळी अशा डिस्क फार रेंगाळतात. मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत लिहून आणा.

जुनं कार्ड घ्यायला हरकत नाही, आम्हीही विकतो. सर्व्हरमधून काढलेलं डेल किंवा आयबीएमचं कार्ड हे संशयास्पद भावातल्या 'नव्या कोऱ्या' एलएसआयपेक्षा आम्हाला जास्त पसंत आहे, कारण एलएसआयच्या नकली कार्डांचा बाजारात सुळसुळाट आहे.

दुकानात येताना

बोर्डाचं मॉडेल, कॅबिनेट उघडून स्लॉटचा फोटो, एसएमपीएसच्या लेबलचा फोटो, डिस्कचे मॉडेल नंबर आणि कोणती सिस्टीम कोणत्या आवृत्तीची हे घेऊन या. वर सांगितलेल्या कमांडचा मोबाइलवर काढलेला फोटो असेल तर निम्मं काम झालं. कार्ड आमच्या टेबलावर तुमच्याच डिस्ट्रोवर चालवून दाखवतो, मगच बिल करतो. डेटा असलेल्या डिस्क आणणार असाल तर बॅकअप घेऊनच आणा, आणि कोणती डिस्क कोणत्या पोर्टला होती ते मार्करनं लिहून ठेवा.