सीटीडीआय की डीएलपी? डोक्याच्या सीटीत डोस नेमका कुठे वाचवायचा

सीटी संपला की डोस रिपोर्टचं, म्हणजे मशीननं किती रेडिएशन दिलं त्याचं, जे काळं पान येतं ना, त्यावरचे दोन आकडे नवीन पोरं हमखास उलटसुलट वाचतात. "सर, डोस 880 आलाय, जास्त झाला का?" अरे बाबा तो डीएलपी आहे, युनिट बघ, मिलिग्रे-सेंटिमीटर लिहिलंय. सीटीडीआय त्याच्या शेजारी आहे, 55 मिलिग्रे.

भिंत रंगवताना रंगाचा हात किती जाड दिला तो सीटीडीआय, आणि तसा हात किती लांब भिंतीला दिला ते धरून आला तो डीएलपी. 55 गुणिले 16 सेंटिमीटर, झाले 880. पूर्ण शरीराच्या हिशेबाने हा डोस किती ते काढायला मोठ्या माणसाच्या डोक्यासाठी त्याला 0.0021 ने गुणायचं, म्हणजे 1.8 मिलिसिव्हर्टच्या आसपास जातं. (आणि ते 55 पेशंटच्या डोक्यात मोजलेले नसतात बरं का, 16 सेंटिमीटर व्यासाच्या अ‍ॅक्रिलिकच्या गोल ठोकळ्यावरून काढलेले असतात, त्यामुळे तान्ह्या बाळाच्या छोट्या डोक्याला खरा डोस त्याहून जास्तच बसतो.)

आता गंमत अशी की या दोन आकड्यांपैकी इमेज चांगली की वाईट हे फक्त सीटीडीआयशी बांधलेलं आहे. डोस कमी करा म्हटलं की सगळे आधी एमए (एक्स-रे ट्यूबचा करंट) खाली आणतात, पण एमए अर्धा केला की सीटीडीआय अर्धा होतो आणि नॉइज, म्हणजे इमेजचा दाणेदारपणा, 1.4 पट होतो. छातीत हे खपून जातं कारण फुफ्फुस आणि गाठ यांच्यात शेकडो एचयूचा (सीटीवर उजळ-काळं मोजायचं एकक) फरक असतो, मेंदूत मात्र ग्रे आणि व्हाइट मॅटरमध्ये जेमतेम 5 ते 10 एचयू, आणि ताज्या स्ट्रोकमध्ये नेमका तोच फरक पुसट व्हायला लागलेला असतो, तिथे इमेज दाणेदार आली तर मोठा ब्लीड दिसेल पण स्ट्रोक हातचा जाईल. शंट (मेंदूतलं जास्तीचं पाणी काढणारी नळी) असलेल्या पोराचा फॉलोअप असेल, फक्त व्हेंट्रिकल (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) फुगलेत का एवढंच बघायचं असेल, तर खुशाल सीटीडीआय कमी करा.

डीएलपीचं तसं नाही, तिथली बचत अक्षरशः फुकट आहे. स्काउटवर (आधी घेतलेल्या साध्या चित्रावर) स्कॅनचा बॉक्स ओढताना फोरामेन मॅग्नम (कवटीच्या तळाचं भोक) ते व्हर्टेक्स (डोक्याचा माथा) पुरतं, पण "असू दे थोडं खाली" म्हणत लोक मानेत उतरतात. 4 सेंटिमीटर जास्तीचे म्हणजे 220, पाव डोस उगाच वाढला आणि मेंदूची इमेज तसूभरही सुधारली नाही! हनुवटी छातीकडे घेतली तर डोळ्याची भिंगंही बीमच्या बाहेर राहतात, पैसे पडत नाहीत त्याला.

आणि पेशंट हलला, सगळं परत घ्यावं लागलं, तर रिपोर्टवर सीटीडीआयच्या दोन्ही ओळींत 55 च दिसतात, टोटल डीएलपी मात्र 1760. म्हणून एमएला हात लावायच्या आधी मी डोक्याचा पट्टा नीट बांधलाय का ते बघतो.