बाह्य स्थिरीकरणातील पिनमार्ग-संसर्ग

मोडलेल्या हाडात त्वचेतून पिना किंवा तारा बसवून त्या शरीराबाहेरच्या चौकटीला जोडण्याच्या पद्धतीला बाह्य स्थिरीकरण म्हणतात. नडगीच्या उघड्या अस्थिभंगात, म्हणजे हाड मोडून त्यावर जखमही झालेली असते तेव्हा, तिचा मोठा आधार असतो. माती गेलेल्या, चिरडलेल्या जखमेत लगेच प्लेट बसवणे जोखमीचे. ही बाहेरची चौकट, म्हणजे फिक्सेटर, जखमेपासून लांब राहून हाड धरून ठेवतो. सायबेरियातील कुर्गान येथे गाव्रील इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात विकसित केलेली कड्यांची चौकट हे तिचे प्रसिद्ध रूप.

उघड्या अस्थिभंगाच्या मूळ जखमेतही पू होऊ शकतो, पण पिनमार्गाचा संसर्ग हा वेगळा प्रश्न आहे. पिनेचे छिद्र आठवडे, कधी महिनोन्‌महिने उघडे राहते आणि त्वचेवरच्या जंतूंना हाडापर्यंत वाट मिळते. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा त्यांतला नेहमीचा जंतू. धातूवर हे जंतू चिकट थर तयार करतात आणि त्या थरात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत.

संसर्गाचे मूळ पुष्कळदा शस्त्रक्रियेतच असते. बोथट ड्रिल वेगाने फिरवले की उष्णतेने पिनेभोवतीचे हाड मरते, पिन सैल होते, आणि हलणाऱ्या पिनेभोवती जंतूंचे फावते. नडगीची आतली बाजू कातडीलगत असल्याने तिथल्या पिना तुलनेने शांत राहतात. मांडीच्या जाड स्नायूंतून गेलेल्या पिनांभोवती मांस सतत हलते व त्रास वाढतो. गुडघ्याजवळची तार सांध्याच्या आवरणातून गेली तर सांध्यातच पू होण्याची भीती असते. मधुमेह आणि धूम्रपान धोका वाढवतात.

बहुतेक संसर्ग वरवरचे असतात. लाली, दुखणे आणि स्राव एवढ्यावर असताना स्वच्छता व तोंडाने घ्यायची प्रतिजैविके पुरतात. पिनेतून थोडे स्वच्छ पाणी येणे म्हणजे संसर्ग नव्हे, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. नाहीतर घरचे घाबरतात, किंवा उलट खरा पूही नेहमीचाच समजून सोडून देतात. पिन सैल झाली किंवा क्ष-किरण चित्रात तिच्याभोवती हाड झिजलेले दिसले, तर ती काढावीच लागते. ती काढल्यावरही पू थांबला नाही, तर मेलेल्या हाडाचे कडे आत राहिले आहे का ते पाहून खरवडून काढतात. पिना कशाने आणि किती वेळा पुसाव्यात यावर एकमत नाही. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने आठवड्यातून एकदा ड्रेसिंग करण्याची रीत अनेक ठिकाणी आहे.

सर्वांत जपायचा टप्पा म्हणजे फिक्सेटर काढून हाडाच्या पोकळीत रॉड घालणे. पिनेकाठी जंतू असतील तर रॉडबरोबर ते हाडाच्या पूर्ण लांबीत पसरू शकतात. म्हणून हा बदल शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत करतात. पिनमार्ग चिघळला असेल, तर पिना काढून पाय प्लास्टरमध्ये ठेवतात आणि छिद्रे भरल्यावरच रॉडचा विचार करतात.