ग्रास कटरचं इंजिन विमानावर चढवण्याआधी

आमच्याकडे ग्रास कटरची दोन-स्ट्रोक इंजिनं मॉडेल विमानांसाठी बदलून मिळतात हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच हे पत्रक तुमच्या हातात आलं. प्रॉप म्हणजे विमानाचा पुढचा पंखा आणि फायरवॉल म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ती नाकातली फळी, यापलीकडे इथे सांगत बसत नाही. ज्या एका गोष्टीमुळे आठवड्याचं काम महिन्यावर जातं आणि तुमचे पैसे उगाच वाढतात, ती आधी सांगतो. इंजिन घरी खोलू नका. खोलायचंच असेल तर मॅग्नेट हातोडीने ठोकून काढू नका.

मॅग्नेट ठोकला की काय होतं

नेहमीचं 43 सीसीचं चिनी इंजिन घ्या. कोकणात आंबा-काजूच्या बागांत पावसाळा संपता संपता ज्याचा आवाज घुमतो तेच. बोअर 40 मिलीमीटर, स्ट्रोक 34. क्लचचं कव्हर काढलं की दोन क्लच शू दिसतात, त्यांच्या मागे पंख्याची पाती असलेला मॅग्नेट, म्हणजे फ्लायव्हील. हा मॅग्नेट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, टेपरवर (निमुळत्या भागावर) बसलेला असतो आणि तो नेमक्या जागी राहावा म्हणून एक छोटी अर्धगोल चावी असते. नट काढला तरी मॅग्नेट जागचा हलत नाही, कारण टेपर त्याला घट्ट धरून ठेवतो. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. मागून स्क्रूड्रायव्हरची टेकू लावायची, क्रँकच्या टोकावर नट थोडासा चढवायचा आणि वरून दोन-चार घाव घालायचे. मॅग्नेट टुणकन सुटतो आणि काम झालं असं वाटतं.

"आमच्या गावचा मेकॅनिक वर्षानुवर्षं असाच काढतो," असं आम्हाला पुष्कळ जण सांगतात. तो चुकत नाही, कारण त्याचं काम वेगळं आहे. ग्रास कटरमध्ये क्रँकला थेट काहीच जोडलेलं नसतं. क्लचचा ड्रम त्याच्या स्वतःच्या बेअरिंगवर फिरतो, पुढे लांब शाफ्ट, त्यापुढे गिअर. क्रँकचं टोक केसभर वाकडं फिरलं तरी पात्यापर्यंत ते पोचत नाही. विमानात मात्र प्रॉप त्याच टोकावर बसतो, मध्ये काहीही नाही.

या इंजिनांचा क्रँक एका तुकड्याचा नसतो. दोन वेब (पिनच्या दोन्ही बाजूंच्या जाड चकत्या) आणि मधली पिन प्रेसमध्ये दाबून एकत्र बसवलेली असतात. टोकावर घाव बसला की तो सरळ पिनवर जातो आणि एक वेब दुसऱ्याच्या मानाने किंचित सरकतो. डोळ्यांना काही दिसत नाही. हाताने फिरवून पाहिलं तर मऊसूत फिरतो. आम्ही तो क्रँक लेथवर दोन सेंटरमध्ये धरतो, टेपरवर डायल गेजची टीप टेकवतो आणि सावकाश फिरवतो. चांगल्या क्रँकवर काटा जेमतेम दोन-तीन घरं हलतो. ठोकलेल्या क्रँकवर तो पंधरा-वीस घरं जातो आणि परत येतो. एक घर म्हणजे मिलीमीटरचा शंभरावा भाग. आमच्या टेबलवर पाच घरांच्या पुढचा क्रँक विमानासाठी पास होत नाही.

एवढ्याशा फरकाने काय बिघडतं, तेही सांगतो. प्रॉपची बैठक अंशाच्या दहाव्या भागाने कलली, तर 20 इंची प्रॉपचं टोक आपल्या पातळीपासून जवळजवळ अर्धा मिलीमीटर सरकतं. एक टोक पुढे, दुसरं मागे, म्हणजे दोन्हींत मिळून सुमारे एक मिलीमीटरचा फरक. मिनिटाला सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवर ही थरथर फायरवॉलच्या प्लायमध्ये, सर्वोच्या (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरमध्ये आणि रेडिओ रिसीव्हरच्या प्लगमध्ये जाते. माउंटचे बोल्ट सैल होतात, टाकीत पेट्रोलला फेस येतो, आणि तक्रार येते ती "तुमचं इंजिन हवेत बंद पडतं" अशी. अशा इंजिनाचा केस फोडायचा, क्रँक सरळ करायचा किंवा नवा टाकायचा, नवे ऑइल सील, नवं पॅकिंग. हा सगळा खर्च एका हातोडीने ओढवलेला असतो.

चावीचीही तीच गत. ठोकताना मॅग्नेट तिरपा निघाला की चावीची कड कापली जाते. ती तशीच परत घातली की मॅग्नेट किंचित फिरून बसतो. टेपर साधारण 12 मिलीमीटर जाड धरला, तर परिघावर एक मिलीमीटरचा फरक म्हणजे टायमिंगमध्ये (ठिणगी पडण्याच्या वेळेत) नऊ-दहा अंशांचा फरक. करंट उशिरा पडला तर इंजिन तापेल आणि ताकद देणार नाही. लवकर पडला तर हाताने सुरू करताना प्रॉप उलटा फटका मारेल. हा प्रश्न बोटांचा आहे. कापलेली चावी असलेलं इंजिन आम्ही बेंचवर सुरूच करत नाही, आधी चावी बदलतो. कृपया यावर घासाघीस करू नका.

ज्यांना स्वतःच खोलायचं आहे त्यांच्यासाठी

हात काळे करायची हौस आम्हाला कळते. इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी तर हे स्वतः करूनच शिकायला हवं. मग असं करा. क्लच शू ज्या दोन बोल्टवर बसतात, त्यांची आट्याची भोकं मॅग्नेटमध्येच असतात. त्याच भोकांत बसणारा पुलर, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार, मिळतो. घरात लेथवाला ओळखीचा असेल तर जाड पट्टीला तीन भोकं पाडून तोही करून देईल. मधला बोल्ट क्रँकच्या टोकावर टेकवून हळूहळू आवळा. क्रँकच्या मधल्या खळीत ग्रीसचा ठिपका ठेवा आणि नट आट्यांच्या टोकाबरोबर ठेवा, म्हणजे आटे चेपणार नाहीत. "टक्" असा आवाज येतो आणि मॅग्नेट टेपर सोडतो.

नट सोडवताना पिस्टन अडवण्यासाठी प्लगच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालू नका. पिस्टनच्या डोक्यावर खड्डा पडतो, आणि त्याची उचललेली कड सिलिंडरच्या भिंतीवर रेघा मारते. त्याऐवजी स्टार्टरचीच मऊ नायलॉनची दोरी घ्या. पिस्टन वर येताना त्याने एक्झॉस्टचं पोर्ट झाकलं की मगच दोरी आत भरा. पोर्ट उघडं असताना भरली तर दोरी त्यात शिरते आणि अडकते.

पुलर आमच्याकडे 43 आणि 52 सीसीसाठी तयार असतो. विकतही मिळतो आणि अनामत ठेवून आठवडाभर वापरायलाही देतो. आमच्याकडून हब (प्रॉप ज्यावर बसतो तो भाग) आणि माउंट प्लेटचा किट घेणाऱ्यांकडून पुलरचं भाडं घेत नाही.

कोणतं इंजिन आणावं

ग्रास कटरचं इंजिन विमानाला सोयीचं पडतं ते फिरण्याच्या दिशेमुळे. मॅग्नेटच्या बाजूने पाहिलं तर ते घड्याळाच्या उलट फिरतं, आणि बाजारात मिळणारा साधा प्रॉप समोरून पाहताना तसाच फिरायला हवा असतो. म्हणून आम्ही हब मॅग्नेटच्या बाजूलाच बसवतो. चेन सॉचं इंजिन क्लचच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतं, आणि क्लचचे आटे डावे असतात. त्यावर काम होतं, पण हबची सगळी मापं वेगळी, म्हणून ते ऑर्डरप्रमाणे आणि सावकाश होतं. चार-स्ट्रोक इंजिनं उत्तम असली तरी आम्ही घेत नाही. होंडाचं जीएक्स 35 उदाहरणार्थ 35.8 सीसीचं आहे आणि तीन किलोहून जड. शेतात त्याला तोड नाही, विमानाच्या नाकात ते भारी पडतं.

52 सीसी म्हणजे 43 चंच भावंड. स्ट्रोक तोच 34, बोअर 44. डब्यावर 43 ला सव्वा किलोवॉट आणि 52 ला 1.45 किलोवॉट लिहिलेलं असतं, दोन्ही 6500 फेऱ्यांवर. मागणी 52 ला जास्त असते, पण ज्यांचं विमान आठ किलोच्या आत आहे त्यांना आम्ही 43 च सुचवतो. थरथर कमी, आणि 18 किंवा 20 इंची प्रॉपवर ते खूश असतं.

हे इंजिन कशासाठी आहे तेही स्पष्ट सांगतो. प्रॉपवर लटकून नाचणाऱ्या थ्रीडी विमानासाठी हे घेऊ नका, त्याला वजनाच्या मानाने जास्त ताकदीचं तयार इंजिनच लागतं. हे इंजिन संथ, मोठ्या पंखांच्या स्केल विमानांचं, म्हणजे खऱ्या विमानाच्या लहान मापाच्या प्रतिकृतींचं. चतुर्थांश मापाचा पायपर कब, किंवा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं पुष्पक. खऱ्या पुष्पकचं पहिलं उड्डाण 1958 चं, पंखांचा विस्तार 36 फूट, म्हणजे चतुर्थांश मॉडेल नऊ फुटांचं. आपल्या फ्लाइंग क्लबांत एक अख्खी पिढी ज्यावर उडायला शिकली, ते विमान इथल्या मुलांनी बांधावं असं आम्हाला मनापासून वाटतं. त्याच्या आखूड नाकात या इंजिनाचं वजन कामी येतं, शिसं भरायचं वाचतं.

आम्ही नक्की काय करतो

दोरी, टाकी, क्लच, प्लास्टिकची कव्हरं निघतात. मॅग्नेटची पंख्याची पाती लेथवर उतरवतो आणि तो पुन्हा बॅलन्स करतो, कारण चुंबक एका अंगाला असतात आणि नुसती पाती कापून भागत नाही. हबचा टेपर त्याच क्रँकला निळा रंग लावून जुळवतो. कॉइल आणि मॅग्नेटमधलं अंतर 0.3 मिलीमीटर ठेवतो. कोल्हापुरात लेथवाल्यांना तोटा नाही आणि यातलं निम्मं काम तुम्ही शेजारी स्वस्तात करून घ्याल. टेपर जुळवणं आणि बॅलन्स या दोन कामांचे पैसे मात्र आम्ही लावतो, आणि ते योग्यच आहेत असं आमचं मत आहे.

मूळ मॅग्नेटोवरच ठेवायचं की बॅटरीवरची इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायची, हा तुमचा निर्णय. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही, खर्च कमी, पण हाताने सुरू करताना झटका जोरात द्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये सुरू करताना टायमिंग आपोआप मागे राहतं, त्यामुळे हलक्या हातानेही चालू होतं आणि उलट्या फटक्याचा धोका कमी. पहिल्यांदाच पेट्रोल इंजिन हाताळणाऱ्याला आम्ही हीच घ्यायला सांगतो. दोन्हींत इंजिन बंद करायचा स्विच आणि रेझिस्टरवाला प्लग आम्ही बसवूनच देतो. ते वगळून पैसे कमी करून मिळणार नाहीत.

"जमिनीवर झकास चालतं, हवेत मरतं"

हब आणि क्रँक चांगले असूनही अशी तक्रार आली तर कारण बहुतेक वेळा काउलिंगमध्ये (इंजिन झाकणाऱ्या नाकाच्या कवचात) सापडतं. डायफ्राम कार्बोरेटरच्या एका झाकणाला मधोमध टाचणीएवढं भोक असतं. त्यातून बाहेरच्या हवेचा दाब डायफ्रामच्या पाठीवर पडतो आणि त्यावरून पेट्रोल किती आत यायचं ते ठरतं. विमान वेग घेतं तसा काउलिंगमधला दाब बदलतो. दाब वाढला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त), घटला की लीन (पेट्रोल कमी). तुम्ही जमिनीवर स्क्रू कितीही फिरवा, हवेत हिशेब बदलतोच. उपाय सोपा आहे. झाकणावर पितळेची बारीक नळी झाळून घ्या आणि तिला ट्यूब जोडून ती फायरवॉलच्या मागे, शांत हवेत न्या. आमच्या प्रत्येक कार्बोरेटरला ही नळी आधीच असते. ती काही कामाची नाही असं समजून बूच मारू नका.

दुसरं, काउलिंगमध्ये हवा शिरायला जेवढी जागा तिच्या किमान दुप्पट जागा बाहेर पडायला हवी, आणि आत आलेली हवा सिलिंडरच्या पंखांमधूनच जाईल असा पत्रा आडवा लावा. मूळचा पंखा आपण उतरवलेला आहे, हे विसरू नका.

ग्लो (मिथेनॉलवर चालणाऱ्या मॉडेल) इंजिनावरून आलेल्यांनी सिलिकॉनची नळी पेट्रोलला वापरू नये, ती फुगते आणि फाटते. ग्लोचे नायलॉन प्रॉपही नकोत, लाकडीच लावा. पहिले पाच लिटर लिटरला 40 मिलीलिटर 2टी ऑइल, म्हणजे 25 ला 1. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओलावा धरतं आणि डायफ्राम कडक करतं. दिवस संपला की टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल इंजिन चालवूनच संपवा.

उडवण्याच्या परवानगीबद्दल कॉलेजं विचारतात. ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतचं, छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं विमान मॉडेल या वर्गात येतं. तरीही मैदान ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा पाहा आणि ग्रीन झोनमध्येही 400 फुटांच्या वर जाऊ नका.

इंजिन आणताना

शक्यतो अख्खं इंजिन, जसं चालत होतं तसंच आणा. क्लच, स्टार्टर, एअर फिल्टर, सगळं. चालू स्थितीतलं न उघडलेलं इंजिन आलं तर तपासणीचे पैसे घेत नाही. खोललेलं आलं तर क्रँक डायलवर लावून पाहिल्याशिवाय कामाचा अंदाज देत नाही आणि त्या तपासणीचा आकार वेगळा पडतो, मग तुम्ही काम आमच्याकडून करून घ्या अथवा न घ्या. सुटे भाग आणत असाल तर चावी वेगळ्या पुडीत, नाव लिहून. कुरिअरने पाठवणार असाल तर टाकी आणि कार्बोरेटर पूर्ण कोरडे करा, पेट्रोलचा वास आला तर पार्सल परत जातं. क्रँकचं टोक बाहेर निघालेलं असेल तर त्यावर रबरी नळीचा तुकडा चढवून मगच खोक्यात ठेवा.

तयार इंजिन दोन टाक्या बेंचवर चालवून मिळतं. घ्यायला स्वतः आलात तर तुमच्यासमोर सुरू करतो, आणि कार्बोरेटरचे हाय-लोचे (पेट्रोलचं प्रमाण ठरवणारे) दोन्ही स्क्रू तुमच्या हातून फिरवून घेतो.