प्राणी फर्निचरवर की प्राणीच फर्निचर? दिएगो जाकोमेत्ती आणि लालान यांच्यातला घोळ

ब्राँझच्या टेबलावर कुठेतरी बेडूक किंवा घुबड बसलेलं दिसलं की लोक लगेच ‘लालान का?’ म्हणतात, आणि मेंढीच्या आकाराचं स्टूल दाखवलं की ‘जाकोमेत्ती ना?’ आता दिएगो जाकोमेत्ती आणि फ्रांस्वा-झाव्हिए लालान, दोघंही फर्निचर घडवणारे शिल्पकार, दोघंही पॅरिसवाले, दोघांचा काळ जवळपास एकच, दोघांकडे प्राणीच प्राणी, मग गोंधळ होणारच.

मी काय करते, मनातल्या मनात प्राणी उचलून बाजूला ठेवते आणि मागे काय उरतं ते बघते. दिएगोच्या टेबलावरचा बेडूक काढला तरी टेबल शाबूत राहतं, म्हणजे आपल्या समईसारखं, टोकावरचा हंस नसला तरी वात जळतेच की. लालानचं उलटं. तो घोड्याच्या आकाराचा जुना पितळी अडकित्ता आठवा, त्यातून घोडा काढला तर सुपारी कशाने कातरणार?

दिएगो जाकोमेत्ती (1902–1985) हा प्रसिद्ध शिल्पकार आल्बेर्तो जाकोमेत्तीचा धाकटा भाऊ, मूळचा स्वित्झर्लंडचा. कित्येक वर्षं भावाच्या शिल्पांचं सगळं मागचं काम हाच करायचा, सांगाडे उभे करणं, प्लास्टर, ब्राँझवर पॅटिना, म्हणजे रसायनांनी आणलेला रंगाचा थर, चढवणं वगैरे, आणि 1966 मध्ये आल्बेर्तो गेल्यावर मग याचं स्वतःचं काम ठळक दिसायला लागलं. सही फक्त ‘दिएगो’ करायचा, आडनाव नाही, भावाशी गल्लत नको म्हणून. त्याच्या खुर्चीचे पाय बघा, बारीक सळईसारखे, पण सरळ गुळगुळीत नाहीत, बोटांनी माती दाबल्यासारखे उंचसखल. आणि मग दोन पायांना जोडणाऱ्या आडव्या दांडीवर एखादा इवलासा पक्षी. खुर्चीत बसलात तर तो दिसणारही नाही, वाकून बघावं लागतं, आणि मला तर हेच जाम आवडतं. पॅरिसच्या पिकासो म्युझियमसाठी झुंबरं, बाकं, खुर्च्या, टेबलं त्यानेच केली, पण 1985 मध्ये ते उघडायच्या काही महिने आधीच गेला बिचारा.

फ्रांस्वा-झाव्हिए लालान (1927–2008) तरुणपणी काही काळ पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात गार्ड होता, इजिप्त-असिरियाच्या दालनांत, म्हणजे दिवसभर समोर दगडाचे मोठमोठे प्राणी. त्यामुळे त्याचा प्राणी कोपऱ्यात लपून बसत नाही, तो अख्खी खोली अडवतो. 1964 चा त्याचा गेंडा घ्या, खऱ्या गेंड्याएवढा, बाहेरून पत्र्याची नुसती घडीव कातडी वाटते, पण कुशीचा भाग खाली उघडला की लिहायचं टेबल तयार. आता हा गेंडा ब्राँझ नाही हं, पितळ आहे, आणि त्याचं ते निळं पाणघोड्याचं बाथटब तर चक्क रेझिनचं, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकचं, म्हणून ‘लालान म्हणजे ब्राँझ’ हे समीकरणही डोक्यातून काढा. 1964 चा हाच पहिला गेंडा 2023 मध्ये पॅरिसच्या लिलावात 1 कोटी 83 लाख युरोला गेला, एवढ्या पैशात त्या टेबलावर बसून हिशोब कोण लिहिणार देव जाणे. मेंढ्या त्यानंतरच्या, 1965 मध्ये पहिल्यांदा दाखवल्या तेव्हा लोकर लावलेल्या होत्या आणि त्यांच्यावर बसता यायचं, बागेत ठेवता येतील अशा मेंढ्या बऱ्याच नंतर आल्या.

लालान एकटा नव्हता हे आणि वेगळंच. बायको क्लोद (1925–2019) हिचं कामही ‘लालान’ नावानेच ओळखलं जातं, पण पद्धत सगळी वेगळी. ती खरी पानं, फांद्या विजेच्या प्रक्रियेने तांब्याच्या थराखाली आणायची, म्हणून तिच्या कामात पानाची शीर न् शीर दिसते. कोबीच्या गड्ड्याला कोंबडीचे पाय, हा प्रकार तिचा. नवऱ्याच्या खात्यावर टाकू नका.

आता माझी युक्ती जिथे लटकते ते पण सांगते. दिएगोचं एक मांजर आहे, मागच्या दोन पायांवर उभं, वेटरसारखं पुढे ताट धरलेलं, आणि ते ताट कोणासाठी, तर पक्ष्यांच्या दाण्यासाठी! मांजराने पक्ष्यांना जेवण वाढायचं. इथे मांजर काढलं तर ताट धाडकन खाली, म्हणजे माझ्या हिशोबाने हे लालान निघायला हवं. पण जवळ जाऊन पाय बघा, तेच बोटांनी दाबलेले बारीक पाय.